केसभर फट

‘गिअर पंप, एस.एस., दीड इंची, मोटरसह, १ नग.’ सप्टेंबर २०११ मध्ये माझ्या सहीनं गेलेल्या पर्चेस ऑर्डरवर पंपाचं वर्णन एवढंच होतं. त्याखाली दर, कर, वाहतूक कुणाकडे, पैसे किती दिवसांत, उशीर झाला तर कपात किती, हे सगळं मात्र काटेकोर लिहिलेलं. तीन कोटेशनं मागवली होती, तुलनेचा तक्ता केला होता आणि सगळ्यात कमी दर निवडला होता. खरेदी खात्यात जे करायला शिकवतात ते सगळं मी केलं होतं. तरी अकरा महिन्यांत तो पंप गेला आणि जाताना आमच्याकडच्या एका पोराचा हात भाजून गेला.

झिजवणाऱ्या, खाणाऱ्या द्रवासाठी पंप कसा निवडायचा हे मी त्यानंतर शिकले. थोडं पुस्तकांतून, बरंचसं एका फिटर काकांकडून. ते काका आता निवृत्त होऊन मोहन्याला घरी असतात. त्यांनी मला जे दाखवलं ते खरेदीच्या टेबलावर बसणाऱ्या प्रत्येकाला कळावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे लिहिते आहे.

मी डोंबिवलीचीच. बी.कॉम. झाले आणि गावातच नोकरी धरली. सकाळी सगळी डोंबिवली स्टेशनकडे धावत असते तेव्हा मी उलट्या दिशेची, एम.आय.डी.सी.ची शेअर रिक्षा पकडायचे. फेज दोनमध्ये आमची कपडे धुण्याची पावडर बनवणारी लहानशी कंपनी होती. ऑफिस धरून चाळीसेक माणसं. अशा कंपनीत खरेदी खातं म्हणजे एक टेबल आणि त्या टेबलावर मी. पोती, प्लास्टिकच्या पिशव्या, सोडा, बेअरिंगं, व्हॉल्व्ह, चहाची साखर, सगळं माझ्याकडून जायचं. पंप ही माझ्यासाठी त्यातलीच एक वस्तू होती.

पावडरीचा मुख्य कच्चा माल म्हणजे अ‍ॅसिड स्लरी. रासायनिक नाव लांबलचक आहे, लिनिअर अल्किल बेंझिन सल्फोनिक अ‍ॅसिड. बाजारात मात्र सगळे स्लरीच म्हणतात. रंगानं तपकिरी, दिसायला काकवीसारखी दाट. टँकर आला की ती साठवणीच्या टाकीत उतरायची आणि तिथून पंपानं मिक्सरमध्ये जायची. मिक्सरमध्ये सोडा अ‍ॅश असायचा. स्लरी पडली की तो फसफसायचा, अ‍ॅसिड आणि सोडा एकमेकांना शांत करायचे आणि पावडरीचा जीव तयार व्हायचा. स्लरी किती पडते यावर सगळा माल अवलंबून. कमी पडली तर पावडर खारट सोड्यासारखी, हात फोडणारी. जास्त पडली तर चिकट, गोळे होणारी.

इतकी दाट वस्तू साध्या, पाण्याच्या पंपानं नीट ढकलता येत नाही. पाण्याचा पंप भोवऱ्यासारखा फिरून द्रव बाहेर फेकतो. काकवी फेकली जात नाही, ती नुसती ढवळली जाते आणि मोटर तापते. गिअर पंपाचं काम वेगळं. घट्ट बसवलेल्या पेटीत दोन दातेरी चाकं एकमेकांत अडकून फिरतात. दातांमधल्या खळग्यांत द्रव भरतो, पेटीच्या भिंतीला लागून पलीकडे जातो आणि दात पुन्हा एकमेकांत शिरले की त्याला बाहेर पडण्यावाचून गत्यंतर उरत नाही. रहाटाच्या गाडग्यांसारखंच हे. एका फेऱ्यात किती गाडगी येणार हे ठरलेलं, तसं एका फेऱ्यात किती द्रव जाणार हेही ठरलेलं. म्हणूनच आमच्याकडे स्लरी वजनानं नाही, घड्याळानं मोजायचे. चार मिनिटं पंप चालवला की एका बॅचची स्लरी पडली.

पहिला पंप बिडाचा होता, माझ्या आधीच्या माणसानं घेतलेला. ‘स्लरी तेलकट असते, बीड चालतं,’ असं कुणीतरी सांगितलं होतं. तो चार महिन्यांत गेला. जाण्याआधी स्लरीत लोखंड उतरायला लागलं आणि पावडर पिवळट यायला लागली. लॅबमधल्या मुलीनं ते पकडलं. मग शेठ म्हणाले, ‘एस.एस.चा घ्या, एकदाच खर्च होऊ दे.’ तो, म्हणजे स्टेनलेस स्टीलचा, मी घेतला. तीच ती एका ओळीची ऑर्डर.

सुरुवातीचे सात-आठ महिने पंप सुरेख चालला. नंतर चार मिनिटांची पाच झाली, पाचाची साडेपाच, मग सात. कुणी लिहून ठेवलं नाही. पावडर खारट यायला लागली की ऑपरेटर आपल्या अंदाजानं पंप जरा जास्त वेळ चालवायचा आणि काम भागायचं. तापानं फणफणलेल्या माणसाला आपण रोज बघतो आहोत आणि कपाळाला हात मात्र लावत नाही, तसं चाललं होतं. मग ग्लँडमधून, म्हणजे जिथून पंपाचा दांडा बाहेर येतो त्या जागेतून, थेंब थेंब गळायला लागलं. खाली एक बादली ठेवली गेली. बादली रोज संध्याकाळी रिकामी होऊ लागली. ती कुठे रिकामी होते हेही कुणी विचारलं नाही, मीसुद्धा.

ऑगस्ट २०१२. पाऊस नुसता कोसळत होता. गळती वाढली म्हणून एका हेल्परनं पंप चालू असतानाच ग्लँडचे नट आवळायला घेतले. भोपर गावचा मुलगा, वीस वर्षांचा, कामाला चपळ. एका बाजूचा नट जास्त आवळला गेला, ग्लँडमधली गळती रोखणारी दोरी सरकली आणि स्लरीची पिचकारी त्याच्या उजव्या हातावर बसली. मी ऑफिसमध्ये होते. किंकाळी ऐकून धावले तेव्हा फिटर काकांनी त्याला पंपापासून सात-आठ फुटांवरच्या नळाखाली बसवलं होतं आणि त्याचा हात धारेखाली घट्ट धरून ठेवला होता. पोरगा ‘बस झालं, काका’ म्हणत होता. काका म्हणत होते, ‘नाही. अजून. घड्याळ बघ समोरचं. पंधरा मिनिटं.’ त्या पंधरा मिनिटांनी तो हात वाचला असं नंतर डॉक्टर म्हणाले. कातडी गेली, व्रण राहिला, बोटं मात्र सगळी चालतात.

त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी, आमच्या साप्ताहिक सुट्टीला, काका पंप उघडणार होते. मी त्यांना म्हटलं, ‘मी येते.’ त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘या मॅडम. जुनी चप्पल घाला.’

त्यांनी पुढच्या झाकणाचे बोल्ट सोडवले, झाकण पुसून उजेडात धरलं. चाकं जिथे झाकणाला घासून फिरतात तिथे चंद्रकोरीसारखे दोन खरबरीत पट्टे उमटले होते. मग त्यांनी खिशातून फीलर गेज काढलं. पानांच्या पंख्यासारखी उघडणारी, पोलादाच्या पातळ पात्यांची जुडी असते ती. प्रत्येक पात्यावर त्याची जाडी कोरलेली. त्यांनी झाकण परत बसवून चाक आणि झाकण यांच्यामध्ये एक पातं सारलं. सहज गेलं. त्याहून जाड घेतलं, तेही गेलं. शेवटी ज्या पात्याला जरा अटकाव झाला ते त्यांनी माझ्या हातात दिलं. त्यावर ०.४० लिहिलं होतं.

‘नवा होता तेव्हा इथं किती असेल?’ मी विचारलं.

‘०.१०. तुमच्या डोक्याचा एक केस घ्या आणि थोडी जागा वर सोडा, तेवढी.’

हा क्षण मला अजून लख्ख आठवतो. मिलिमीटरच्या तीन दशांशानं आमचा पंप मेला होता. त्याला भोक पडलं नव्हतं, तडा गेला नव्हता. बाहेरून तो चकचकीतच होता, अजून दहा वर्षं चालेल असा. आत फक्त फट वाढली होती. काकांनी मला समजावलं की गिअर पंप त्या फटीवर जगतो. ती फट केसाएवढी असते तोवर द्रव पुढे जातो. वाढली की पुढे ढकललेला द्रव त्या वाटेनं मागे येतो. पुढे मी एका इंजिनिअरला याचा हिशेब विचारला तेव्हा तो म्हणाला की फट दुप्पट झाली की मागे येणारा द्रव दुप्पट होत नाही, साधारण आठपट होतो. शिवाय फट दोन्ही भिंतींनी वाढते. झाकणाचंही झिजतं आणि चाकाचंही झिजतं.

काकांना दुसरीही एक गोष्ट दिसली होती, ती माझ्या नजरेतून पूर्ण निसटली होती. पेटीच्या आतल्या भिंतीवर, तळापासून साधारण बोटभर उंचीवर, एक आडवी रेघ होती. रेघेच्या वर धातू गुळगुळीत, खाली खडबडीत आणि काळपट. पूर ओसरल्यावर घराच्या भिंतीवर राहते तशी. २६ जुलै २००५ नंतर अशा रेघा आम्ही कल्याण-डोंबिवलीतल्या कितीतरी घरांत पाहिल्या आहेत.

‘हे पाणी आहे,’ काका म्हणाले. ‘रोज रात्री ही पोरं पंप पाण्यानं धुतात. स्लरी दाट होऊन बसते, सकाळी मोटर उचलत नाही म्हणून. पाणी सगळं निघत नाही, तळाला राहतं. शुक्रवारी तर दीड दिवस राहतं. धातू चालताना मरत नाही मॅडम, बसून मरतो.’

याचं कारण मी नंतर लॅबमध्ये बसून समजून घेतलं. स्लरीत टक्का-दोन टक्के मोकळं सल्फ्युरिक अ‍ॅसिड असतंच. पाण्याशिवाय ते बऱ्यापैकी गप्प असतं. सल्फ्युरिकचा हा स्वभावच आहे. ९८ टक्क्यांचं कडक अ‍ॅसिड साध्या लोखंडी टाक्यांत साठवतात, कारण लोखंडावर सल्फेटचा थर बसून तो पुढची झीज अडवतो. तेच अ‍ॅसिड पाणी घालून सौम्य केलं की लोखंड खाऊन टाकतं. ‘पातळ केलं म्हणजे निरुपद्रवी झालं’ ही आपली घरगुती समजूत इथे उलटी पडते. आम्ही पंप स्वच्छ ठेवत होतो आणि त्याच स्वच्छतेनं त्याला मारत होतो.

काका मोहन्याच्या नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनमध्ये, म्हणजे आपल्या एन.आर.सी.त, वीसहून जास्त वर्षं स्पिनिंगला होते. २००९ मध्ये ती कंपनी बंद पडली आणि पन्नाशीतला हा माणूस डोंबिवलीत आमच्याकडे आला. मी त्यांना विचारलं, तुम्हाला एवढी फट नजरेनं कशी कळते? तेव्हा त्यांनी रेयॉनचं सांगितलं. लाकडाचा लगदा कॉस्टिक आणि कार्बन डायसल्फाइडमध्ये मुरवून मधासारखा व्हिस्कोस करतात. तो बारीक भोकांच्या चकतीतून सल्फ्युरिक अ‍ॅसिडच्या कुंडात सोडला की तिथल्या तिथे धागा होतो. चकतीकडे व्हिस्कोस मोजून पाठवायला प्रत्येक जागी एक छोटा गिअर पंप असतो. मुठीत मावेल एवढा. त्याची फट वाढली की धागा बारीक येतो, डेनियर, म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप, चुकतो, पुढे विणताना कापडात पट्टा दिसतो. म्हणजे कल्याणजवळच्या त्या कारखान्यात कापडाचा पोत एका दातेरी चाकाच्या फटीवर ठरायचा. शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्येही धागा याच पद्धतीनं बनतो. ‘तिथं पंपाच्या आत सोडा असायचा आणि बाहेर अ‍ॅसिडची वाफ,’ काका म्हणाले. ‘आतून पोलाद टिकायचं, बाहेरून बोल्ट सडायचे. पंप घेताना दोन्हीकडून बघावं लागतं.’

मग नवा पंप घ्यायची वेळ आली. शेठ म्हणाले, ‘या वेळी सगळ्यात महाग घ्या.’ काका म्हणाले, ‘महिनाभर थांबा.’ तोवर जुन्या पंपाला नवी दोरी, नवे बुश आणि चालू पंपाला हात न लावायची सक्त ताकीद, यावर काम चालवलं.

त्या महिन्यात काकांनी आणि लॅबमधल्या मुलीनं एक साधा प्रयोग केला. साधं लोखंड आणि ३०४ व ३१६ हे स्टेनलेसचे दोन प्रकार, अशा तीन धातूंच्या सारख्या मापाच्या पट्ट्या कापल्या, ५० मिलिमीटर लांब, २५ रुंद, ३ जाड. लॅबच्या काट्यावर मिलिग्रॅमपर्यंत वजन करून घेतलं. काचेच्या दोन बरण्यांत त्या दोऱ्यानं टांगल्या. एका बरणीत निव्वळ स्लरी, दुसरीत पंप धुतलेलं पाणी. तीस दिवसांनी काढल्या, पुसल्या, पुन्हा वजन केलं. धुतलेल्या पाण्यातल्या लोखंडाची पट्टी नखानं खरवडावी अशी झाली होती आणि पाणी हिरवट झालं होतं. त्याच पाण्यातल्या ३०४ च्या पट्टीचं वजन अर्धा ग्रॅम घटलं होतं. ३१६ ची घट त्याच्या कितीतरी खाली. निव्वळ स्लरीत मात्र ३०४ आणि ३१६ दोन्ही जवळपास तशाच्या तशा.

अर्धा ग्रॅम म्हणजे किती? लॅबमधल्या मुलीनं हिशेब मांडला. पट्टीचं क्षेत्रफळ, पोलादाची घनता, तीस दिवसांचे तीनशे पासष्ट, आणि उत्तर आलं: वर्षाला ०.२६ मिलिमीटर. तिनं रासायनिक तक्त्याचं पुस्तक उघडून दाखवलं. कुठल्या रसायनाला कुठला धातू चालतो याच्या त्या तक्त्यात इतक्या झिजेला ‘चालेल’ असाच शेरा होता. तक्ता खोटा नव्हता. सहा मिलिमीटर जाडीच्या टाकीला वर्षाला पाव मिलिमीटर झीज खरंच चालते. ती टाकी दहा वर्षांनीही उभी असते. पण ज्या यंत्राचा जीवच ०.१० मिलिमीटरच्या फटीत आहे, त्याला तीच झीज काही महिन्यांत संपवते. शिवाय दातांवर दात घासत असतात, धातूवरचा संरक्षक पापुद्रा सतत खरवडला जातो आणि उघड्या धातूवर अ‍ॅसिड पुन्हा बसतं. बरणीतली पट्टी निवांत टांगलेली असते, तिच्यापेक्षा चाकाची गत वाईट.

गंजरोधक पंप निवडताना ‘हा धातू टिकेल का’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘वर्षाला किती झिजेल, आणि माझ्या यंत्राला तेवढी झीज परवडेल का’ असं विचारायला हवं. माझ्या पुढच्या सगळ्या कामाचा पाया हाच.

दरम्यान सुट्टीच्या एका शुक्रवारी जुन्या पंपाचं झाकण काढून घेऊन मी ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये गेले. एम.आय.डी.सी. १९६२ साली सुरू झाली तेव्हा तिची पहिली वसाहत इथलीच. अजूनही त्या गल्ल्यांत लेथ, मिलिंग, कास्टिंगची कामं करणारे जुने कारागीर आहेत. एका शेडमध्ये त्यांनी झाकण घासून त्यावर मॉलिब्डेनम तपासायच्या द्रवाचा थेंब टाकला, छोट्या बॅटरीची तार टेकवली आणि आम्ही थांबलो. रंग बदलला नाही. म्हणजे ३१६ नव्हतं. ३०४ आणि ३१६ दोन्हींत क्रोमियम आणि निकेल असतं. ३१६ मध्ये वर दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि तेच अ‍ॅसिडच्या आणि मिठाच्या माऱ्यात जास्त टिकाव देतं. नजरेला दोन्ही सारखीच चकचकीत. चुंबकानंही फरक कळत नाही.

मला फसवलं गेलं होतं का? नाही. मी ‘एस.एस.’ मागितलं होतं आणि त्यांनी एस.एस. दिलं होतं. ३०४ हेसुद्धा स्टेनलेस स्टीलच. चूक माझ्या एका ओळीत होती.

नवी चौकशी मी काकांच्या शेजारी स्टुलावर बसून लिहिली. पावणेदोन पानांची झाली. पहिल्यांदा द्रव: नाव, तीव्रता, मोकळं अ‍ॅसिड किती, पाणी किती, थंडीत दाटपणा किती, उन्हाळ्यात किती, त्यात खडे-कण असतात का. मग धुणं: कशानं धुतात, किती वेळ तसाच उभा राहतो. मग प्रत्येक भागाचा धातू वेगळा लिहिला. पेटी आणि झाकण ३१६ च्या ओतकामाचे, म्हणजे सी.एफ.८एम. चाकं ३१६. दांडाही ३१६, कारण पेटी भारी आणि दांडा साधा असा प्रकार सर्रास होतो. बुश ब्राँझचे नकोत, टेफ्लॉनचे हवेत. दाब वाढला तर द्रव आतल्या आत वळवणारा रिलीफ व्हॉल्व्ह हवाच, कारण गिअर पंपाचं तोंड बंद झालं तर तो थांबत नाही, काहीतरी फोडतो. आणि त्या व्हॉल्व्हची स्प्रिंगसुद्धा ३१६ ची. ओ-रिंग कुठल्या रबराची तेही लिहिलं, कारण रबराचंही तसंच: तेलाला चालणारं कॉस्टिकला चालेलच असं नाही.

वेगावर काका अडून बसले. जुना पंप मोटरला थेट जोडलेला, मिनिटाला १४४० फेरे. काकवीला तेवढ्या घाईनं खळग्यांत शिरता येत नाही, आणि स्टेनलेसवर स्टेनलेस जोरात घासलं तर ते एकमेकांना चिकटून उपटलं जातं. म्हणून पंप आकारानं मोठा घेतला आणि गिअरबॉक्स लावून वेग तीनशेच्या आसपास आणला. कोटेशनं आली तेव्हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग यांत जवळजवळ अडीच पटींचा फरक होता. आम्ही मधलं घेतलं. ते देणाऱ्यानं प्रत्येक भागासमोर धातू लिहिला होता, ओतकामाचा हीट नंबर आणि चाचणीचा दाखला देतो म्हटलं होतं, आणि उलट आम्हालाच विचारलं होतं, ‘तुम्ही धुता कशानं?’ तो प्रश्न वाचला आणि माझा निर्णय झाला.

महाग म्हणजे योग्य नव्हे हेही त्याच महिन्यात कळलं. आमच्याकडे सोडियम सिलिकेटची दुसरी लाइन होती. तेही दाट, पण अल्कलीधर्मी. तिथे स्टेनलेसचा पंप लावायचा विचार चालला होता. काकांनी बिडाचाच लावायला लावला. अल्कलीत बीड सुखानं नांदतं. तिथली अडचण वेगळी: गळलेलं सिलिकेट वाळून काचेसारखं होतं आणि ग्लँडची दोरी कापतं, म्हणून गळतीवर रोज लक्ष ठेवायचं. तो बिडाचा पंप मी नोकरी सोडेपर्यंत चालू होता.

पुढे दुसऱ्या कंपन्यांत गेले तेव्हा हीच विचारपूस कामी आली. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड किंवा सांडपाण्यासाठीचं फेरिक क्लोराइड आलं की ३१६ चं नावही काढायचं नाही. क्लोराइड त्याला सुईनं टोचल्यासारखी भोकं पाडतं. तिथे प्लास्टिक, टेफ्लॉनचं अस्तर, नाहीतर हॅस्टेलॉयसारखा फार महाग धातू. आणि असे द्रव पाण्यासारखे पातळ असतात, त्यांच्यात वंगण नसतं. तिथे गिअर पंप हवाच कशाला? डायफ्रामचा किंवा चुंबकानं चालणारा प्लास्टिकचा पंप बरा. ‘कुठला गिअर पंप’ हे विचारायच्या आधी ‘गिअर पंप का’ हे विचारावं.

हे सगळं मला तांत्रिक वाटत नाही, घरचं वाटतं. मी एम.आय.डी.सी.च्या निवासी विभागात राहते. पावसाळी रात्री वास आला की खिडक्या लावून घेणाऱ्यांतली मी. २०१४ चा हिरवा पाऊस, २०२० चा गुलाबी रस्ता यांच्या बातम्या देशभर गेल्या. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४, दोन्ही गुरुवार, दोन्ही दिवशी इथल्या रासायनिक कारखान्यांत स्फोट. या तारखा डोंबिवलीत कुणाला समजावून सांगाव्या लागत नाहीत. मोठ्या दुर्घटनांची कारणं मोठी असतात, त्यावर बोलणारी मी कोण. पण ग्लँडखालची ती बादली माझ्या हिश्श्याची होती. ती जिथे रिकामी होत होती तिथून नाला, नाल्यातून खाडी. एका ओळीची ऑर्डर लिहिणाऱ्या माणसानं हे आपलं मानलं नाही, तर दुसरं कोण मानणार?

नवा पंप डिसेंबर २०१२ मध्ये बसला. धुणं बंद केलं. पाळी संपली की लाइनमधली स्लरी हवेनं टाकीत परत ढकलायची, पंप मात्र निव्वळ स्लरीनं भरलेला ठेवायचा. शेजारी एक वही लटकवली: तारीख, बॅच, किती मिनिटं. चारची सव्वाचार झाली की फिटरला सांगायचं. ग्लँडवर पत्र्याचं कवच बसवलं, चालू पंपाला पाना लावायला बंदी केली. चार वर्षांनी मी तिथून निघाले तेव्हा वहीत अजून चारच मिनिटं होती. निघताना काकांनी ते ०.१० चं पातं जुडीतून सोडवून मला दिलं. ते आजही माझ्या टेबलाच्या खणात आहे. नवा मुलगा किंवा मुलगी खरेदीला आली की मी ते त्यांच्या बोटांत देते आणि सांगते, तुम्ही जे विकत घेणार आहात ते एवढंसं आहे.

पंपाशेजारचा नळ काढून टाकायचं एकदा चाललं होतं, म्हणजे कुणाला धुवायचा मोह नको. भाजलेल्या हाताचा तो मुलगाच आडवा आला. मग नळाच्या जागी अंगावर धबधबा सोडणारा सेफ्टी शॉवर बसवला, त्याला हिरवा रंग दिला. पाइपला नळी जोडता येणार नाही असं तोंड त्यानं स्वतः फिटरकडून करून घेतलं. नवीन हेल्पर आला की तोच त्याला तिथे नेतो, दांडा ओढून पाणी सोडून दाखवतो आणि म्हणतो, ‘हे पाणी पंपाला लावायचं नाही. हे आपल्यासाठी आहे.’